वाट बघणाऱ्या बाईचा चेहरा

"दुसऱ्याच्या चेहऱ्याला पाणी लावायचं नाही!" आबांचे वडील मातीच्या हौदापलीकडून ओरडायचे. आवाज असा, की हौदातल्या ओल्या मातीनंही अंग चोरावं. आबा तेव्हा हौदाच्या काठाएवढे होते. ज्यानं मातीत चेहरा घडवला त्यानंच तो ओला ठेवायचा, त्यानंच फडक्यानं झाकायचा. कुठली कड किती पाणी पिते, हे त्याच्याच बोटांना ठाऊक. वडील गेले, हौद बुजला, नवा बांधला, पण शिल्पांच्या त्या कारखान्यात हा रिवाज कुणी मोडला नाही.

लढाईत गेलेल्यांचं राष्ट्रीय स्मारक घडवायचं काम यंदा आबांकडे आलं होतं. आधी ते परदेशातल्या एका नावाजलेल्या शिल्पकाराला मिळालं होतं. दगडही तिकडचाच, दुधासारखा पांढरा. त्यावरून वर्तमानपत्रांनी रान उठवलं. आपल्या माणसांसाठी रडायलाही बाहेरची माणसं बोलवायची का, असं कुणीतरी लिहिलं. शेवटी ठरलं: कलावंत देशातला, दगड देशातला. शेजारचा सुतार म्हणाला, मग आबा, तुमचं ते पॉलिशचं यंत्र तेवढं झाकून ठेवा, त्याच्यावर परदेशी शिक्का आहे. आबा हसले. पण त्यांना काळजी होती ती निराळीच.

दारात उभी राहून वाट बघणारी बाई, असं ते शिल्प. दगडाआधी मातीत करायचं. उभं अंग आबांनी केलं, शालीच्या चुण्या थोरल्या मुलानं. चेहरा मात्र दोघांनाही जमेना. कधी रडका व्हायचा, कधी भाषण ठोकल्यासारखा. मग एका सकाळी सुनेनं, थोरल्याच्या बायकोनं, कुणाला न विचारता बाह्या वर सारल्या.

सून सरहद्दीपलीकडची. ती लग्न होऊन आली आणि पुढच्याच वर्षी दोन्ही देशांत हीच लढाई पेटली. माहेरचा रस्ता बंद तो बंदच. पलीकडून काय बातम्या येतात ते तिनं कधी बोलून दाखवलं नाही, आणि घरातल्यांनीही विषय काढला नाही. नागरिकत्वाचा दाखला अजून मिळायचाच होता.

चेहरा झाला. त्यात दुःख म्हणावं असं काही नव्हतं. दार कुणी वाजवलं की वाऱ्यानं हललं, हे अजून कळायचंय, तेवढ्या वेळातला तो चेहरा होता. आबा कितीतरी वेळ बघत राहिले. कुणाचा म्हणून त्यांनी विचारलं नाही. थोरला एवढंच म्हणाला, की स्मारकाच्या समितीला आबांनी केलाय म्हणून सांगू, नाहीतर काम हातचं जाईल आणि चेहराही मोडून टाकावा लागेल. चालेल, म्हणाली सून, आणि हात धुवायला गेली.

समितीच्या अध्यक्षा आल्या, सोबत काठी टेकत एक म्हातारे शिल्पकार. आबांनी फडकं काढलं. अध्यक्षाबाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. हा चेहरा आपल्याच मातीतून आलाय, त्या म्हणाल्या. बाहेरच्याला हे सात जन्मांत साधलं नसतं. थोरला फरशीकडे बघू लागला. म्हातारे शिल्पकार अगदी जवळ गेले. कपाळाची कड सुकत आलीय, म्हणाले, पाणी द्या की आबा. त्यांनाही रिवाज माहीत होता.

आता मागे सरलं तर सगळं उघडं पडणार. आबांनी फवाऱ्याची बाटली उचलली आणि आपल्या नेहमीच्या घट्ट मातीवर मारावं तसं सपासप पाणी मारलं. पण पापण्यांसाठी सुनेनं माती गाळून लोण्यासारखी केली होती. पाणी कपाळावरून उतरलं, डावी पापणी फुगली, सरकायला लागली.

भिंतीपाशी उभी असलेली सून पुढे आली. एका हाताच्या अंगठ्यानं तिनं पापणी तोलून धरली आणि दुसऱ्या हातानं सासऱ्यांच्या हातातली बाटली काढून घेतली. उतू जाणारं दूध उतरवावं, तितक्या सहज.

"चेहरा सुनेनं केलाय," आबा म्हणाले. "ती पलीकडची आहे."

अध्यक्षाबाई काही वाईट नव्हत्या. त्या स्टुलावर बसल्या, बराच विचार केला. म्हणाल्या, काम काढून घ्यायचं तर सगळं पहिल्यापासून, आणि असा चेहरा पुन्हा हाती लागेल याची खात्री काय? दगडात कोरणार ते इथलेच हात. दगड आपला, छिन्नी आपली, मातीचं कोण विचारतंय. सून म्हणजे घरचीच. नाव कारखान्याचं लावू. म्हातारे शिल्पकार मान हलवत होते, ती होकाराची की नकाराची ते कळेना. थोरल्यानं सोडलेला श्वास मात्र सगळ्यांना ऐकू गेला. आबांनाही हायसं वाटलं. तो चेहरा मोडणं त्यांच्या हातून झालं नसतं.

उठता उठता बाईंनी सहज विचारलं, माहितीपत्रकात दोन ओळी घालायला.

"समोर कुणाला बसवलं होतंस गं? इथलीच असेल ना कुणी, मुलगा गेलेली?"

थोरल्यानं बायकोकडे बघितलं. हो म्हण, असं त्याचं सगळं अंग म्हणत होतं. आबाही मनात तेच म्हणाले, आणि त्याची त्यांना लाज वाटली नाही. एका होकाराचा प्रश्न होता. चेहरा दगडात गेला असता.

सुनेनं अंगठा अलगद काढला. पापणी जागेवर राहिली.

"कुणाला बसवलं नव्हतं," ती म्हणाली. "माझी आई आहे ही. माझा भाऊ याच लढाईत गेला. तिकडून लढताना."