बाराव्या घराचा अर्ज

“बॅकअपच्या रकान्यात ‘हो’ लिहायचं विसरू नका, मिसेस डेलहंटी. ती तार वेगळी ओढली नाही, तर बाहेरची वीज गेली की बॅटरीसुद्धा गप्प बसते. पुष्कळांना हे ठाऊकच नसतं.”

बॅटऱ्या बसवणाऱ्या किएट लुआँगने नोरीन डेलहंटीच्या स्वयंपाकघरात बसून हे सांगितलं होतं, तेही दोनदा. तिला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोयच उरली नव्हती.

वर्ष संपलं की वीज साठवून ठेवणाऱ्या घरगुती बॅटरीवरची सरकारी सवलत कमी होणार होती. त्याआधी रस्त्यातल्या घरोघरी बॅटरी बसवून द्यायची, असा नोरीनने ध्यासच घेतला. अर्ज तीच भरी, किएटला तीच बोलावी. अकरा घरं झाली. एका रविवारी चर्चमध्ये फादरनी मिसा संपल्यावर तिचं नाव घेऊन कौतुक केलं. तिने मान खाली घातली खरी, पण त्या दिवशी घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते.

बारावं घर शेजारच्या लॉर्नाचं. लॉर्नाची फुप्फुसं थकलेली. नाकाला दिवसभर प्राणवायूची नळी, कोपऱ्यात घरघरणारं यंत्र.

“सवलत चुलीत घाल,” लॉर्ना म्हणाली होती. “वीज गेली तर माझं यंत्र चालेल का, तेवढं सांग.”

“चालेल गं. त्यासाठीच तर घ्यायची.”

लॉर्नाने चष्मा न शोधताच सही केली. पण तिच्या घरातला विजेचा बोर्ड जुना निघाला. बॅकअपसाठी तो बदलायला हवा होता आणि त्या कामाची तारीख थेट जानेवारीच्या शेवटची मिळत होती. तोवर सवलत उतरणार. नोरीनने त्या रकान्यात ‘नाही’ लिहिलं. बॅटरी आधी बसू दे, तार मागाहून ओढून घेऊ. नाताळच्या आधी बारा घरं पुरी झाली.

मागाहून ते राहूनच गेलं. लॉर्नाला सांगायचंही राहिलं, आणि जितके दिवस गेले तितकं ते सांगणं जड होत गेलं.

फेब्रुवारीत, तिथल्या भर उन्हाळ्यात, पारा त्रेचाळीसवर गेलेला असताना दुपारी निलगिरीची फांदी तारांवर पडली आणि गावची वीज गेली. नोरीनच्या घरातला पंखा क्षणभर अडखळला आणि बॅटरीवर पुन्हा फिरू लागला. तीन वाजले होते. तिने नेहमीप्रमाणे जपमाळ हातात घेतली आणि आजाऱ्यांसाठी प्रार्थना सुरू केली. पहिलं नाव लॉर्नाचं. दहा-दहा मण्यांच्या चौथ्या फेरीपर्यंत ती डोळे मिटून, पंख्याखाली बसून जपत राहिली. मग तो रकाना तिच्या डोळ्यांपुढे आला.

लॉर्ना मागच्या पायरीवर बसलेली सापडली. ओठ निळे पडलेले. राखीव सिलिंडर शेजारीच होता, पण त्याची चावी तिच्या हातांनी फिरली नव्हती. नोरीनने ती फिरवली, रुग्णवाहिका बोलावली. लॉर्ना वाचली.

रविवारी मिसेनंतर चहाला लॉर्नाचा मुलगा ग्रँट सगळ्यांना सांगत होता, “त्या लुआँगने आईला सरळ टोपी घातली. वर मलाच म्हणतो, अर्जावर ‘नाही’ लिहिलंय. आई असं लिहील?”

“मी तर पुढच्या आठवड्यातलं काम रद्दच केलं त्याचं,” कोणी बाई म्हणाली.

“बरं केलंत.”

नोरीन मोरीशी उभी राहून कप विसळत होती. धुतलेलेच कप तिने पुन्हा विसळले. अर्ज किएटकडे होता, आणि शाळेच्या ग्रंथालयात वीस वर्षं कार्डं भरणाऱ्या तिच्या अक्षराला तो ओळखत नसेल, हे शक्य नव्हतं. लहानपणी तो तिच्याच टेबलाशी बसून वाचायला शिकला होता. तरी त्याने कुणाचं नाव घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने इस्पितळात जाऊन लॉर्नाला सगळं सांगितलं.

लॉर्नाने नाकातली नळी सारखी केली. “आणि त्या दुपारी तू काय करत होतीस?”

“जप. तुझंच नाव घेत होते.”

“बरी आठवण ठेवलीस. दार वाजवलं असतंस तर जास्त बरं झालं असतं.”

“लॉर्ना, मला–”

“मला काय सांगतेस? मी इथं गारव्यात पडलेय. शिव्या तो खातोय.”

“सांगेन. रविवारी, सगळ्यांसमोर.”

“आधी त्याला. रविवारची वाट कशाला बघायची? मग त्या चहाला जमणाऱ्यांना. आणि तिथे रडू नकोस, नाहीतर सगळ्या बायका तुलाच पाणी आणून देतील. वचन दे.”

नोरीनने वचन दिलं. लॉर्नाने हात पुढे केला नाही, आणि नोरीनलाही तो मागावासा वाटला नाही.

त्या संध्याकाळी तिने सवयीने केक भाजला. रिकाम्या हातांनी कुणाच्या दारी जायचं ती शिकलीच नव्हती. केक डब्यात भरला, झाकण लावलं, आणि मग डबा तसाच ओट्यावर ठेवून दिला. तो नेला असता तर किएटला आधी आभार मानावे लागले असते.

तिने टोपी घातली, फाटकाची कडी हळूच लावली आणि किएटच्या घराच्या दिशेने चालू लागली. ओळखीचं कुणी भेटून बोलण्यात गुंतवू नये म्हणून एरवी ती पलीकडच्या अंगाने गेली असती. आज तिने सरळ रस्ता धरला, त्या बाराही घरांवरून जाणारा.