फळीखालचे दोन पुठ्ठे

बाईंनी गाडीला बोटाने हलकासा धक्का दिला आणि हात वर उचलला, सगळ्या वर्गाला रिकामा तळवा दिसावा म्हणून.

"बघा. आता हिला कोणी ढकलत नाहीये. तरीही ही..."

गाडी फळीच्या निम्म्यापर्यंत गेली, रेंगाळली आणि थांबली.

बाईंनी पुन्हा धक्का दिला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा जरा जोरात ढकलली, तर चार बोटं पुढे जाऊन थांबली. बल आणि गती या धड्याचा हा पहिला तास म्हणजे बाईंचा एकोणीस वर्षांचा हुकमी एक्का. अडीच मीटरची लाकडी फळी, चार चाकांची गाडी आणि एक धक्का. गाडी शेवटपर्यंत एकाच वेगाने जायची आणि पोरांच्या डोक्यात एकदाचं शिरायचं, की चालत्या वस्तूला चालत राहायला जोर लागत नाही, थांबायला लागतो. या तासाची कीर्ती अशी की आज मागच्या बाकावर दुसऱ्या शाळांतले चार नवे शिक्षक वह्या उघडून बसले होते. शिकवावं कसं, ते बाईंकडून शिकायला. आणि नेमकं आजच गाडीने त्यांचं नाक कापलं.

"बाई, थांबली," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली. तिला सगळे शंकासुर म्हणत आणि ती ते नाव इमानेइतबारे चालवत असे. "म्हणजे जोर लागतोच ना?"

मागे कोणीतरी खाकरलं. बाईंची कानशिलं तापली. फळी बिघडली आहे, उद्या दाखवते, हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"थांबली खरी," त्या म्हणाल्या. "पण आपणहून थांबली, की कोणी थांबवली?"

वर्गाला कंठ फुटला. चाकं गंजलीत, फळी खरखरीत आहे, हवा आडवी येते, गाडीच आळशी आहे. बाई एकेक कारण फळ्यावर लिहीत होत्या तोवर शंकासुर उठून टेबलापाशी पोहोचली. तिने फळीचं टोक उचलून खाली डोकावलं.

"बाई, इथे काहीतरी लिहिलंय. 'या टोकाखाली पुठ्ठे दोन. बाईंचा तास.'"

पुठ्ठे मात्र नव्हते; फळीच्या पोटाला वाळलेल्या डिंकाचा चौकोनी डाग होता आणि त्याच्या शेजारी शिसपेन्सिलीचं ते अक्षर. बाईंनी ते लांबूनच ओळखलं. मामांचं अक्षर. मामा म्हणजे प्रयोगशाळेचे मदतनीस, गेल्याच महिन्यात निवृत्त झालेले. दर वर्षी ही फळी मांडायचे ते तेच. गाडी पळते ती मामांनी चाकांना घातलेल्या तेलामुळे, असं बाई चारचौघांत कौतुकाने सांगायच्या, आणि मामा खाली मान घालून ते कौतुक मुकाट्याने ऐकून घ्यायचे.

म्हणजे एकोणीस वर्षं बाई सपाट फळी म्हणून उतारच दाखवत आल्या होत्या. त्यांना आधी राग आला, मग लाज वाटली. चाळीस मुलं आणि चार शिक्षक त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "आमच्या मामांना माहीत होतं. आपण त्यांचंच करून बघू या."

त्यांनी टोकाखाली दोन पातळ वह्या सरकवल्या आणि गाडीला धक्का दिला. गाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच चालीने गेली.

"घर्षणाने जेवढं मागे ओढलं, तेवढंच उताराने पुढे ढकललं. दोघांची फिटंफाट झाली. आता समजा, घर्षण मुळात नसतंच..."

"तर वह्या लागल्या नसत्या," शंकासुर म्हणाली, "आणि गाडी थांबलीच नसती!"

इतक्या वर्षांत हे वाक्य नेहमी बाईंनीच म्हटलं होतं. आज प्रथमच ते बाकावरून आलं. बाईंचं मन भरून आलं.

तास संपल्यावर चौघांतली सगळ्यात लहान शिक्षिका मागे रेंगाळली.

"आमच्याकडे फळी नाही, तुमचीच न्यायची आहे. सोमवारी माझा पहिलाच तास आहे." तिने घाम पुसला. "माझी गाडी अशी थांबली असती ना बाई, तर मी पळूनच गेले असते."

बाईंनी तिच्या शाळेचं नाव आणि तासाची वेळ लिहून घेतली.

संध्याकाळी त्या मामांच्या घरी गेल्या. मामा गॅलरीत टेबलफॅन उघडून बसले होते. बाईंनी सगळं सांगितलं.

"अक्षर पुसायचं राहिलं वाटतं," मामा ओशाळून म्हणाले.

"पण मामा, हे केलंत तरी का?"

"तुमच्या पहिल्या वर्षी गाडी अशीच थांबली होती. तास अर्धा सोडून तुम्ही सामानाच्या खोलीत जाऊन रडलात. मी बाहेर उभा होतो. म्हटलं, पोरगी गुणी आहे, पण ही काही टिकायची नाही. दुसऱ्या तुकडीच्या तासाआधी पुठ्ठे लावून टाकले."

बाईंना ती खोली आठवली. त्या दिवशी मनात लिहून तयार असलेला राजीनामाही आठवला. तो कागदावर कधी उतरलाच नाही.

"आणि जाताना ते काढलेत, पण मला सांगायला विसरलात?"

"विसरतोय कसला! शेवटच्या दिवशी मुद्दाम काढले. म्हटलं, आता गाडी थांबली तर बाई रडायच्या नाहीत, शिकवतील."

बाई म्हणाल्या, "मामा, तुम्ही नसता तर मी शिक्षिका राहिलेच नसते. तुमचे आभार कसे मानू, मला कळत नाही."

"अहो, दोन पुठ्ठे ते. त्यात काय एवढं!" मामांनी पंख्याच्या जाळीत डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही.

"ते पुठ्ठे टाकून दिलेत?" बाईंनी विचारलं.

"आहेत की. का?"

"एक नवीन मुलगी आहे. सोमवारी तिचा पहिला तास आहे."

मामांनी बाईंकडे नीट पाहिलं. मग हात पुसत ते आत गेले आणि वर्तमानपत्रात बांधलेली छोटी पुडी घेऊन आले.

"फळी तुम्ही स्वतः मांडा. आणि पुठ्ठे लावल्याचं तिला इतक्यात सांगू नका, विचारलंच तर चाकांना तेल घातलंय म्हणा."

"किती वर्षं?"

"ते तुम्हाला कळेल," मामा म्हणाले.