कपाटामागचा कोपरा

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. गाणी वाजवणारी नव्हे, मापं घेणारी. माझा जन्म कारखान्यात झाला. जाड कापडी पट्टीत तारेचे धागे विणले, वर काळे-तांबडे आकडे छापले आणि चामड्याच्या गोल डबीत मला गुंडाळून बसवलं. डबीचं पितळी हँडल फिरवलं की मी मुकाट्याने आत जाते. स्वभावाने मी सरळ आहे. मला सैल धरलं तरच चुकते.

मला एका सुताराने विकत घेतलं. त्याची भाची त्याला मामा म्हणते, म्हणून मीही मामाच म्हणते. दारं, खिडक्या, जिने, सगळं त्याने माझ्या भरवशावर केलं. पुढे भिंतीवर लाल ठिपका टाकून माप सांगणारं यंत्र आलं आणि माझी रवानगी खिळ्यांच्या खणात झाली. गरज सरो, वैद्य मरो. मला फार राग आला होता.

मग मामाची बहीण वारली. तिच्या मुलीला वसतिगृहात ठेवावं लागलं. मामा-मामीला तिला घरी आणायचं होतं, पण मूल सोपवण्याआधी घरात माणशी ठरावीक जागा हवी असा बालकल्याण कचेरीचा नियम होता. पाहणीला निरीक्षक बाई येणार होत्या आणि यंत्र नेमकं दुरुस्तीला गेलेलं. अशी माझी आठवण झाली.

घर दोन रस्त्यांच्या बेचक्यात आहे. पुढे ऐसपैस, मागे निमुळतं. एक कोपरा सरळ असेल तर शपथ. मामाने पुढच्या दाराजवळची रुंदी घेतली, लांबीने गुणली आणि खूश झाला. मामी म्हणाली, मागच्या खोलीत सतरंजी दुमडून घालावी लागते, तिथली रुंदी कोण धरणार? ती धरली, तर मामाचा चेहराच उतरला.

बाई बोलायला गोड, पण मापाला पक्क्या. त्यांनी खडू मागितला आणि प्रत्येक खोलीत या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तिरकी रेघ मारून दोन-दोन त्रिकोण केले. रेघेची लांबी घ्यायची, समोरच्या कोपऱ्यापासून रेघेपर्यंतचं सरळ अंतर घ्यायचं, गुणायचं आणि निम्मं करायचं. मामीने माझं टोक धरलं, मामाने डबी ओढली. सगळ्या त्रिकोणांची बेरीज झाली. जागा कमी पडली, जेमतेम एका चटईएवढी.

मामी खालीच बसली. "एका चटईसाठी पोरीला तिकडेच ठेवायचं का?" ती म्हणाली. बाईंनाही वाईट वाटलं. नियम काही त्यांनी केला नव्हता.

मागच्या खोलीत सागवानी कपाट होतं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. घराचं टोक दिसू नये म्हणून मामाने लग्नानंतर स्वतः बनवलेलं. ते इतकं बेमालूम बसलं होतं की पुढे तोच त्याला भिंत समजू लागला, आणि आम्ही माप कपाटापर्यंतच घेतलं होतं. मामीच्या ते लक्षात आलं. ती म्हणाली, मागे कोपरा आहे. बाई म्हणाल्या, वापरात नसलेली जागा धरता येत नाही, कपाट निघत असेल तर धरते.

कपाट निघणारं नव्हतं, मोडावंच लागणार होतं. आल्यागेल्या प्रत्येकाला मामा ते कौतुकाने दाखवायचा. त्याने दारावरून एकदा हात फिरवला आणि पहार आणली.

"कपाट काय, दुसरं करता येईल," तो म्हणाला.

मागच्या धुळीत मी सरपटत गेले. अखेरचा त्रिकोण मोजला गेला. बाईंनी दोनदा बेरीज केली आणि म्हणाल्या, भरली जागा.

भाची आली तेव्हा कपडे दोरीवर होते आणि भिंतीवर कपाटाची खूण होती. बॅग छातीशी धरून ती दारातच उभी राहिली. इथे ठेवली तर अडचण होईल का, असं तिने हळूच विचारलं.

मामी तिला हाताला धरून त्या कोपऱ्यात घेऊन गेली. "ठेव बाळा. ही तुझीच जागा आहे. मोजून घेतलीय."

तिने बॅग खाली ठेवली.

मित्रांनो, काम झाल्यावर मला पुसून गुंडाळत जा, ओली ठेवलीत तर तारा गंजतात. आणि घरात जागा नाही असं कुणाला सांगण्याआधी मला भिंतीपर्यंत न्या आणि एकदा नीट मोजून बघा.