घरचा दृष्टांत

दृष्टांत घरचा असला की कीर्तन रंगतं, हे आश्रुबा महाराजांना श्रोत्यांनीच शिकवलं होतं. परक्याच्या दुःखाला लोक नुसती मान डोलावतात. महाराजांच्या घरचं दुःख म्हटलं की डोळ्याला पदर लावतात. म्हणून पालीच्या सप्त्यात त्यांनी मृदंगवाल्या रामेश्वरच्या मावशीची गोष्ट उचलली आणि आपल्या बायकोच्या, छबुबाईच्या नावावर घातली.

"भाकरी थापताना छबूचा डावा हात गार पडला. छातीत कळ आली. घरात कुणी न्हाई. तिनं चुलीपुढंच डोळे मिटले आन विठ्ठलाचं नाव घेतलं. मायबापहो, तव्यावरली भाकर करपायच्या आत कळ उतरली."

टाळ असे कडाडले की पालीच्या धरणाच्या पल्याड ऐकू जावेत. बायकांत पुढंच बसलेल्या छबुबाईनं पदर तोंडावर ओढला. महाराजांना वाटलं, नामाचा महिमा हिलाही भिडला. गावातल्या पप्पूनं सगळं मोबाइलमध्ये घेतलं आणि जगाला दाखवलं.

पुढं दसऱ्याला मुलानं, तानाजीनं, आईबापाचा आरोग्य विमा काढला. उन्हाळ्यात छबुबाई खरोखरच कोसळली. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात हृदयाचं ऑपरेशन झालं. विम्याचे पैसे येतील म्हणून दवाखान्यानं बिलासाठी अडवलं नाही, घर निर्धास्त होतं.

मग एका दुपारी एक माणूस महाराजांच्या नेकनूरच्या घरी आला. नम्र, कपाळाला बुक्का.

"विमा कंपनीकडून चौकशीला आलोय. पण खरं सांगू महाराज, मी तुमच्या कीर्तनाचा वेडा." चहाच्या कपाशेजारी त्यानं मोबाइल ठेवला. "पालीचा तो वहिनींचा दृष्टांत एकदा समोर बसून ऐकायचाय."

महाराज खुलले. ज्याला रंग चढवता येतो तो आखडता हात घेत नाही. एका कळेच्या त्यांनी तीन कळा केल्या. पाहुणा डोळे मिटून ऐकत होता. जाताना पाया पडला.

"कोन होता ओ त्यो?" छबुबाईनं आतून विचारलं.

"भाविक हाय."

"मग जाता जाता माझ्याकडं तसं का म्हून बघितलं त्यानं? बाजारात जनावर बघतेत तसं?"

महाराज हसले. पंधरवड्यानं तानाजीच्या फोनवर निरोप आला. आजार विमा घेण्याच्या आधीपासूनचा, तो लपवला, सबब दावा नामंजूर. सोबत पुरावा म्हणून पालीचं कीर्तन, आणि घरच्या ओसरीवरचा महाराजांचा आवाज.

तानाजीनं टेम्पो विकला. तरी बिल अर्धं राहिलं. दवाखान्यातून रोज एका मुलीचा फोन यायचा. ती कधी चिडली नाही, नेहमी "काका, कधी जमेल?" असंच गोड विचारायची. महाराजांना त्या गोडव्याचीच धास्ती बसली. भजनात फोन वाजला की हातातला टाळ निसटायचा.

"अपिलाला एकच वाट हाय," वकील म्हणाला. "दोघांनी शपथेवर लिहून द्या. ती गोष्ट रचलेली होती, बाईंना आधी कधीच त्रास नव्हता."

नारदाच्या गादीवरून आपण खोटं बोललो, हे शिक्का मारून लिहून द्यायचं.  पण तेच तर खरं होतं, असं मनाला बजावत महाराज छबुबाईला आणि तानाजीला घेऊन बीडला कोर्टाच्या आवारात आले. लिंबाखाली वकिलाचं टेबल होतं. सही करताना त्यांचा हात रेंगाळला.

"महाराज, माईकपुढं दोन तास थांबत न्हाईत," वकील म्हणाला, "आन हितं दोन अक्षरं जड झाली का?"

त्यांनी सही केली. छबुबाईच्या अंगठ्याला शाई लागली.

"काय लिव्हलंय, ते वाचा की."

महाराजांनी वाचलं. तिनं अंगठा मागं घेतला.

"हे खोटं हाय."

"छबू, अगं ती रामेश्वरच्या मावशीची गोष्ट. मी तुझ्या नावावर सांगितली."

"मावशीची आसंल. मला बी तसंच व्हायचं. चुलीपुढंच. डावाच हात." शाईचा अंगठा तिनं लुगड्यापासून लांब धरला होता. "पालीला तुमी सांगितलं तवा अंगावर काटा आला माझ्या. वाटलं, देवानं तुमच्या कानात घातलं. नावानं उतरतं म्हनलात, म्हणून नाव घेत बसले. दवाखान्याचं बोललेच न्हाई."

लिंबाचा पाला गळत होता. 

"माय, आंगठा तेवढा उठवा," वकील म्हणाला. "देव समजून घेईल."

"त्यो घेईल. पण गळ्यात माळ हाय, साहेब. ती मी घातलीय."

महाराजांनी समजूत घालायला तिचा हात धरला आणि तसाच धरून राहिले. भर उन्हात तो गार होता. डावा हात.

तानाजीनं रिक्षा आणली. जवळच्या दवाखान्यात तिला खाटेवर घेतलं. तरुण डॉक्टर कागद-पेन घेऊन आला.

"कधीपासून त्रास आहे?"

तानाजी बापाच्या कानाशी वाकला. "आबा, आत्ताच म्हना. आजच सुरू झालं म्हना. हितं लिव्हलं की अपील संपलं."

महाराजांनी छबुबाईकडं पाहिलं. ती त्यांच्या तोंडाकडं बघत होती, पालीला पुढं बसून बघत होती तशीच. ते काय सांगतील ते खरं धरायला तयार.

"ऑपरेशनच्या लई आधीपासून," महाराज म्हणाले. धरणापल्याड टाळ कडाडवणारा आवाज खाटेपलीकडं जाईना. "पालीच्या सप्त्याच्या बी आधीपासून. लिवा."

तानाजीनं भिंतीला डोकं टेकलं.

"ऑपरेशन केलं त्या डॉक्टरांना हे सांगितलं होतं?" तरुण डॉक्टरनं विचारलं.

छबुबाईनं मान हलवली. नाही.

डॉक्टरनं काहीच लिहिलं नाही. त्यानं तिच्या बोटांची निळसर नखं पाहिली, पेन खाली ठेवलं आणि मागं न वळताच आतल्या दाराकडं नर्सला हाक मारली.