पुढच्या दाराचा पाहुणा

कॅनडाच्या सीमेवरच्या सेंट स्टीफन गावात घराचं पुढचं दार ही शोभेची वस्तू. तिथून येतो पाद्री, नाहीतर कर आकारणारा. व्हर्नाच्या घरचं तर तिच्या नवऱ्याची शवपेटी बाहेर गेली तेव्हाच काय ते शेवटचं उघडलं होतं. बाकी सगळे मागून, स्वयंपाकघरातून. नदीपलीकडच्या, अमेरिकेतल्या कॅलसचा अॅन्सल पहिल्यांदा जेवायला आला तोही मागूनच आला, आणि जेवण होताच व्हर्नाने त्याच्या हातात भांडी पुसायचा टॉवेल दिला. तो आपला झाला, असं व्हर्नाच्या मुलीने, कोरीनने तेव्हाच ओळखलं.

आता लग्न झालं होतं, कोरीनला सातवा महिना होता, आणि नवरा म्हणून त्याला कायमचं ठेवून घ्यायचा अर्ज भरून तयार होता. अडलं होतं ते एकाच गोष्टीपाशी. अॅन्सल कॅनडात रीतसर पाहुणा म्हणून आलाय, याचा पुरावा हवा होता आणि पासपोर्ट कोरा करकरीत होता. त्या पुलावर शिक्का कोण मारतो? "आईची कंबर कशीय?" एवढं विचारतात आणि सोडतात.

"पलीकडे जाऊन परत येऊ आणि शिक्का मारायला सांगू," अॅन्सल म्हणाला. पण परत येऊच दिलं नाही तर? मग बाळ इकडे आणि बाप तिकडे. व्हर्ना मात्र काकवीच्या बिस्किटांचा डबा घेऊन गाडीत मागे बसलीसुद्धा.

पुलावर सीमा-अधिकारी लॉर्न होता. शाळेत व्हर्नाच्या वर्गातला, पण गणवेश चढवला की सख्ख्या भावालाही न ओळखणारा.

"कशासाठी आलात?"

"पाहुणा म्हणून," अॅन्सल म्हणाला.

"पाहुणा कसला डोंबलाचा!" मागून व्हर्ना कडाडली. "घरचा आहे तो, लॉर्न! मरेपर्यंत हलत नाही इथून. घे, बिस्कीट घे."

लॉर्नचं पेन थांबलं; परत जाणार नाही त्याला पाहुण्याचा शिक्का मिळत नसे. कोरीनने डोळे मिटले. सासूच्या मायेने जावयाचा असा घात आजवर कधी केला नसेल.

"व्हर्ना, डबा आत ठेव," लॉर्न म्हणाला. मग अॅन्सलकडे वळला. "अर्ज नामंजूर झाला तर परत जाशील?"

अॅन्सलने बायकोकडे पाहिलं. "जाईन. जीव जाईल, पण जाईन. तिकडे आई आहे, घर आहे."

"हं. व्हर्ना, तू खोटं बोलत नाहीस. हा तुझ्याकडे कुठल्या दारानं येतो?"

व्हर्नाने डब्याचं झाकण लावलं. बिस्कीट न देता तिने डबा बंद केलेला कुणाला आठवत नव्हता. मग ती म्हणाली, "आजवर मागच्या. आजपासून पुढच्या. शब्द देते."

"बघ हं. माझा रस्ता तुझ्या घरावरूनच जातो," म्हणत लॉर्नने शिक्का मारला आणि राहण्याच्या मुदतीचा कागदही जोडून दिला.

त्याच दिवशी व्हर्नाने पहार लावून पुढचं दार उघडलं. ते उघडं बघून शेजारची मिल्ड्रेड रडत रडत, दुखवट्याच्या घरी नेतात तसं बटाट्याचं कॅसरोल घेऊन आली. "कोण गेलं गं?"

"कुणी गेलं नाही, पाहुणा आलाय!" व्हर्ना खेकसली. कॅसरोल मात्र तिने ठेवून घेतलं.

शब्द म्हणजे शब्द. अॅन्सल पुढून येई, बैठकीच्या खोलीत एकटाच बसे, सोनेरी काठाच्या बशीत जेवे. उठून भांड्यांना हात लावायला गेला की व्हर्ना म्हणे, "पाहुण्यांनी बसावं." बिचारा त्या मऊ खुर्चीत झुरून अर्धा झाला. मुलगी झाली तेव्हा व्हर्नाने तिला मागच्या दारानं आत नेलं. ती इथलीच होती ना! बापाला मात्र पुढून पाठवलं. मुदत सरत आली की कागद वाढवून मिळे आणि खुर्चीची शिक्षाही वाढे.

पुढच्या वर्षी अर्जाला मंजुरी आली. कोरीनने बाहेर गेलेल्या अॅन्सलला फोन करून सांगितलं आणि तो पळतच घरी आला. पुढचं दार घट्ट बंद! त्याने ठोठावलं, हाका मारल्या. आतून कुणी हूं की चूं केलं नाही.

शेवटी घराला वळसा घालून तो मागे गेला. दार सताड उघडं होतं. कोरीन मुलीला कडेवर घेऊन हसत होती आणि व्हर्ना मोरीपाशी पाठमोरी उभी होती. वळून न बघताच तिने खांद्यावरचा ओला टॉवेल त्याच्याकडे फेकला.

"वर्षभर बसून खाल्लंस," ती म्हणाली. "पूस आता."