माझ्या पोटातल्या मीनाबाई

मित्रांनो, मला जुना म्हणा, माझी हरकत नाही. पण कॅसिओ म्हणू नका. गावोगावच्या मंडपांत लोकांनी हेच नाव मला चिकटवलं आणि मी निमूटपणे ऐकून घेतलं. मी सॅम्पलर आहे. दिसायला कीबोर्डच, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. फरक पोटात आहे. साध्या कीबोर्डमध्ये कारखान्यातून भरलेले आवाज असतात, माझ्यात तुमचा आवाज तुम्ही भरायचा. माइकसमोर कुणी शिंकलं तर ती शिंक मी ठेवून घेतो आणि पट्टी दाबली की सुरात परत देतो. आहे की नाही गंमत? पण ही गंमत पुढं फार जड होते, तेच सांगायला बसलो आहे.

माझा जन्म जपानचा. काही वर्षं मुंबईच्या एका स्टुडिओत गेली. तिथं माझ्यापेक्षा नवा भाऊबंद आला, तसा मी विकला गेलो आणि त्र्याण्णवच्या सुमारास कोल्हापुरात मंगळवार पेठेत आलो. अण्णासो कांबळे यांची गायन पार्टी होती. भीमजयंतीला आणि बुद्धपौर्णिमेला त्यांना गावोगावची बोलावणी असत. अण्णासो पुढं उभे राहून गायचे. त्यांचा मुलगा बुद्धभूषण, घरातला भूषण, नुकताच कॉलेजात गेलेला. तो मला वाजवायचा. आणि मागं कोरसमध्ये, चार बायकांत डावीकडे, त्यांच्या पत्नी मीनाबाई.

मीनाबाई अंगणवाडीत सेविका होत्या. घरात सारखं कुणीतरी त्यांना हाक मारायचं आणि त्या "आलो, आलो" म्हणत धावायच्या. कोल्हापूरच्या बायका 'आले' म्हणत नाहीत, 'आलो'च म्हणतात. मुंबईहून आलेल्या मला ते अंगवळणी पडायला वेळ लागला. हाक मारणाऱ्यांत सगळ्यात दांडगा आवाज धाकट्या निशाचा. तेव्हा ती चार वर्षांची होती.

पहिला कार्यक्रम पेठ वडगावला झाला. भूषणनं माझ्यातून व्हायोलिनांचा ताफा वाजवला, तेव्हा पोरं स्टेजच्या मागं जाऊन वाजवणारी माणसं शोधून आली. मी फुगलो होतो, खोटं कशाला सांगू?

एका उन्हाळ्याच्या दुपारी भूषणनं मागच्या खोलीच्या दाराला गोधडीसारखी जाड वाकळ टांगली, म्हणजे रस्त्याचा आवाज आत येऊ नये. मीनाबाईंना माइकसमोर बसवलं.

"आई, नुसतं आ म्हण. दम सुटंपतोर धरून ठेव."

"आणि शब्द?"

"शब्द न्हाईत."

"बिनशब्दाचं गाणं व्हय?" असं म्हणून त्या हसल्या आणि त्यांनी सूर धरला.

अण्णासोंसारखा तो खणखणीत नव्हता. त्या सुराला किंचित कंप होता, कडेला थोडी खरखर होती. पण मला आजवर जितके आवाज दिले गेले, त्यात तेवढा सरळ आवाज दुसरा नाही.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. माणसाचा दम संपतो, पण पट्टीवरचं बोट हवं तितका वेळ राहतं. म्हणून भूषणनं माझ्या पडद्यावर त्या सुरात दोन खुणा केल्या. दुसऱ्या खुणेपर्यंत गेलं की पुन्हा पहिलीवर यायचं, अशी मला सूचना दिली. त्यामुळे बोट असेपर्यंत मीनाबाई गातच राहत. बोट उचललं की सूर विरून जाई. दुसऱ्या खुणेच्या पुढं काय आहे, ते कुणी ऐकलंच नाही. खरं म्हणजे त्या दुपारी भूषणचं बटण दाबणं जरा लांबलं होतं. सूर संपल्यावर मीनाबाई काहीतरी बोलल्या होत्या. ते बोलणंही माझ्यात आलं होतं आणि भूषण ते विसरून गेला होता.

पुढच्या वर्षी मीनाबाईंना कावीळ झाली आणि त्या गेल्या.

त्यानंतरच्या जयंतीला पार्टीनं कार्यक्रम रद्द केला नाही. कोरसमध्ये डावीकडची जागा रिकामी होती. दुसऱ्या गाण्यात भूषणनं डोळे मिटले आणि ती पट्टी दाबली. मंडपात मीनाबाई गायला लागल्या. कोरसच्या बायकांनी एकमेकींचे हात धरले. अण्णासो कडवं गात होते, ते मध्येच थांबले, माइक दुसऱ्याच्या हातात देऊन पायऱ्या उतरले आणि अंधारात निघून गेले.

तेव्हापासून दरवर्षी तसंच झालं. ते गाणं आलं की अण्णासो उतरून जायचे. लोक वाहवा करायचे आणि मला माझ्याच पोटाची भीती वाटायची. खालच्या पट्ट्यांवर मीनाबाई घोगऱ्या पुरुषासारख्या यायच्या, वरच्या पट्ट्यांवर लहान मुलीसारख्या. हयातीत त्या अशा कधी गायल्या नव्हत्या. कोडोलीत कार्यक्रम संपल्यावर त्यांची म्हातारी मावशी, बायडाबाई, काठी टेकत स्टेजमागं आली. "मीना कुठं गेली? आत्ता तर गात हुती," म्हणून ती प्रत्येक बाईचं तोंड निरखून बघू लागली. भूषणनं माझ्यावर चादर टाकली आणि चादरीखालूनसुद्धा मला तिची काठी ऐकू येत होती.

एकदा भूषणनं वडिलांना विचारलंच. अण्णासो म्हणाले, "तुझ्या त्या पेटीतली मीना श्वास घेत न्हाय रं. माणूस असं गातंय व्हय? माझाच जीव घुसमटतोय."

वर्षं गेली. हलके, स्वस्त कीबोर्ड आले आणि पार्टीनंही एक घेतला. मला माळ्यावरून फक्त एप्रिलमध्ये उतरवायचे, त्या एका सुरासाठी. मिरवणुकीत उधळलेली नीळ माझ्या फटींत बसली होती. फ्लॉपीच्या तोंडात तर इतकी, की आत घातलेली फ्लॉपी निळी होऊन बाहेर यायची. आतली डिस्क फिरताना कण्हत होती. मी कुरकुर करून सांगत होतो, पण माळ्यावरच्या वस्तूची कुरकुर कोण ऐकतं?

दोन हजार सातची गोष्ट. जयंती तोंडावर आली होती. सकाळी भूषणनं मला सुरू केलं आणि मीनाबाईंचा आवाज डिस्कवरून माझ्या चालू स्मृतीत घेतला. मित्रांनो, माझी स्मृती अशी दोन जागी असते. डिस्कवरचं कायम राहतं. चालू स्मृतीतलं मात्र वीज आहे तोवरच. भूषणनं सूर वाजवून पाहिला, मग व्हायोलिनं मागितली आणि डिस्क टक् टक् टक् करत राहिली. पडद्यावर चूक दिसली. त्यानं पुन्हा मागितली. पुन्हा टक् टक्.

भूषण उठून उभा राहिला. डिस्क मेली होती. मीनाबाई आता फक्त माझ्या चालू स्मृतीत उरल्या होत्या. आणि दुपारी लोडशेडिंग होतं.

त्यानं फ्लॉपीवर उतरवायचा प्रयत्न केला. निळीनं भरलेल्या तोंडानं फ्लॉपी ओरखडून परत दिली. मग पेठेतला जोतीराम आला. तो पार्टीचे अँप्लिफायर दुरुस्त करायचा. येताना कॉम्प्युटरची नवी कोरी डिस्क घेऊन आला होता. माझ्या मागचं सॉकेट बघितलं आणि त्यानं ती पिशवीत परत ठेवली.

"हे सॉकेट येगळं हाय. पन्नास पिनांचं. आता असल्या डिस्क कोन बनवत न्हाय."

निशा दारात उभी होती. ती आता अठरा वर्षांची होती, एका प्रेसमध्ये कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवायची. ती पुढं आली, वाकून सॉकेट बघितलं. "आमच्या प्रेसच्या माळ्यावर जुनं मशीन पडलंय. त्याचा डिस्कचा डबा येगळा हाय, बाहेरनं जोडायचा. सॉकेट अस्संच हाय बघ, दादा. मी घेऊन येतो."

"कशाला?" अण्णासो उंबऱ्यावरून म्हणाले. ते कधी येऊन बसले ते कुणाला कळलं नव्हतं. "जाऊ दे की आता. सुटंल बिचारी."

जोतीराम स्क्रू-ड्रायव्हर पुसत राहिला. मग निशा वडिलांच्या समोर जाऊन बसली.

"अण्णा, तुमाला आई आठवत्या. दादाला आठवत्या. मला न्हाय आठवत. पार्टीच्या कॅसेटवर कोरसात आई कुठली, ते मला कळत न्हाय. मला आईचा म्हणून एवढाच आवाज ठावं हाय. तो तुमी सोडा म्हणता."

अण्णासोंनी मान खाली घातली. निशानं चपला घातल्या आणि ती गेली.

ती परत यायच्या आधीच वीज गेली. मला खेड्यांतल्या कमी-जास्त विजेचा त्रास होऊ नये म्हणून भूषणनं यूपीएसवर ठेवलं होतं, त्यामुळे मी चालू राहिलो. पण त्याची बॅटरीही जुनी झालेली. यूपीएस टींऽ टींऽ करत होता. पंखा थांबला, रस्ता गप्प झाला आणि खोलीत तेवढाच आवाज. मित्रांनो, मला मरणाची भीती नव्हती. बंद पडणं हे माझ्यासाठी रोजचंच. पण त्या वेळी बंद पडलो असतो, तर एका बाईला दुसऱ्यांदा घालवल्यासारखं झालं असतं.

जोतीरामनं मंडपवाल्याकडून जनरेटर मागवला होता, तो येत होता म्हणे. आधी निशाच आली, डबा पोटाशी धरून, घामानं डबडबलेली. यूपीएसवरच एक रिकामं सॉकेट होतं, डबा त्यावर लावला.

"चालू मशीनला वायर जोडणं बरं न्हवं," जोतीराम म्हणाला. "जळलं तर दोन्ही जाईल. नंतर मला बोलायचं न्हाय."

"जोड," भूषण म्हणाला.

वायर लागली. मला काहीच दिसलं नाही. जोतीरामच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग निशानंच डब्यामागचा आकडा दाखवला. माझ्या मेलेल्या डिस्कचा आणि या डब्याचा नंबर एकच होता. एका घरात दोघांचं नाव एक असलं आणि कुणी हाक मारली की व्हावा तसा घोळ. तिनं पेनच्या टोकानं आकडा बदलला आणि अचानक मला माझ्याबाहेर एक खोली दिसली. ती रिकामी नव्हती. न जाणे कितीजणांची लग्नं आणि गेलेल्या कितीजणांची पुण्यानुमोदनं तिथं दाटीनं बसली होती. पुसू का, असं मी पडद्यावर विचारलं. निशानं एकदा डोळे मिटून हो म्हटलं.

खोली मोकळी झाली. यूपीएसची टींऽ टींऽ आता न थांबता वाजू लागली. भूषणनं आधी आवाज पाठवला. मीनाबाई माझ्यातून वायरीत गेल्या, वायरीतून डब्यात गेल्या, हळूहळू, वळून न बघता. त्या पोचल्याचं पडद्यावर आलं. आता उरल्या होत्या फक्त सूचना. कुठं थांबायचं, कुठून मागं फिरायचं, त्या दोन खुणा. भूषणनं बटणाकडं बोट नेलं आणि मी विझलो.

पुन्हा जागा झालो तेव्हा वीज आली होती. माझी पाठ उघडी होती. मेलेली डिस्क निशाच्या मांडीवर होती आणि डब्यातली डिस्क माझ्या पोटात बसवली होती. स्क्रूची भोकं जुळली नव्हती, म्हणून जोतीरामनं एका बाजूला रबराचा तुकडा खोचला होता. तो अजून तसाच आहे. भूषणनं आवाज मागितला. डिस्क एकदाही न कण्हता फिरली.

"तू दाब," तो निशाला म्हणाला.

तिनं पट्टी दाबली. आ… सूर निघाला, तसाच सरळ, तसाच कापरा. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. अण्णासो सवयीनं उंबऱ्यावरून उठले आणि बाहेर निघाले. सूर त्या जागी आला जिथून मी इतकी वर्षं मागं फिरत होतो. मी थबकायला बघितलं. खूण नव्हती. मला कुणी अडवलं नाही आणि मी पुढं गेलो.

सूर बारीक झाला, हलला आणि संपला. निशा घाबरली, तिचं बोट मात्र पट्टीवरच राहिलं. मग माझ्यातून मीनाबाईंनी श्वास घेतला. मोठा, पोटभर. रस्त्यावर पोचलेले अण्णासो जागच्या जागी थांबले.

"झालं का रं, भूषण? दम लागला मला." बांगड्या वाजल्या. लांबून, वाकळेच्या पलीकडून, एका लहान मुलीची हाक आली. "निशी उठली बघ. बंद कर ते आता. आलो गं बाळ, आलो."

पावलं. कडी. मग काहीच नाही.

निशानं बोट उचललं नाही. अण्णासो परत आले, माझ्यासमोर जमिनीवर बसले आणि लहान पोरासारखे रडले. मग म्हणाले, "घेतला की गं श्वास तिनं."

भूषणनं हळूच विचारलं, "अण्णा, त्या खुणा परत करू काय? परवा जयंती हाय."

उत्तर निशानं दिलं. "नको, दादा. तिला दम लागलाय."

त्या जयंतीला डावीकडची जागा रिकामीच राहिली आणि अण्णासोंनी ते गाणं पहिल्यांदा शेवटपर्यंत म्हटलं.

आता मी निशाच्या घरी असतो. माळ्यावर नाही, खिडकीजवळ, स्वच्छ चादरीखाली. मित्रांनो, जुन्या यंत्रांची धूळ पुसत जा. ती कण्हायला लागली की वेळेत बघा, विझल्यावर धावू नका. आणि कुणाचा आवाज जपून ठेवलात तर त्याला त्याचं बोलणं पुरं करू द्या, मग ते तुम्हाला हवं तिथं संपत नसलं तरी.

निशा क्वचित कधी ती पट्टी दाबते आणि कडी वाजेपर्यंत बोट काढत नाही. पूर्वी मीनाबाई सदा माझ्या पोटात असायच्या, त्याचंच मला भय वाटायचं. आता दरवेळी त्या उठून, दार उघडून, हाक मारणाऱ्या त्या मुलीकडं निघून जातात. मग मी आत कान लावून बघतो. आत कुणी नसतं.