दिवेवाल्याच्या जागी पोपट

मी बोलतोय, आणि रागातच बोलतोय. माझ्या कव्हरवर छापलंय, 'मुलांसाठी सोपी, सचित्र, संक्षिप्त'. म्हणजे एका जाडजूड विज्ञान-कादंबरीतलं मी उरलंसुरलं. शिंप्याकडेही चिंध्या उरतात, पण निदान त्या कुणी शर्ट म्हणून विकत नाही.

मूळ कादंबरी अशी. एक यान दूरच्या ग्रहाकडे निघतं. परतीची वाट सापडावी म्हणून मधल्या एका ओसाड चंद्रावर खुणेचा दिवा लावतात, आणि तो विझू नये म्हणून यानातला एक मेकॅनिक तिथे एकटा मागे राहतो. यान त्याला न्यायला परत येतं का, यावरच सगळी कादंबरी उभी आहे.

हे मी माझ्या जन्माच्या टेबलावरच ऐकलं. छापखान्याच्या वरच्या खोलीत मालक आणि रूपांतर करणारे गृहस्थ बसले होते. या गृहस्थांना सगळे कात्रीकाका म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा.

"काका, यात एक पोपट घाला," मालक म्हणाले.

"अंतराळात पोपट?"

"पक्ष्यांच्या पुस्तकातली चित्रं उरलीत हो. वाया कशाला घालवायची?"

"आधीच माणसं जास्त झालीत. चौसष्ट पानांत कोंबू कुठे?"

"मग एक कमी करा. तो चंद्रावरचा रडका आहे ना, तो काढा. पोरांना दुःख झेपत नाही."

"आणि दिवा कोण सांभाळणार?"

"आपोआप लागतो म्हणा. विज्ञान आहे, चालतं."

झालं. एक जिताजागता माणूस गेला आणि यानात पोपट येऊन बसला. शेवटचा भाग तर काकांनी उघडलाच नाही. मुदत संपत आली होती. त्यांनी आपल्या मनानेच सगळ्यांना सुखरूप घरी पोचवलं आणि पोपटाच्या तोंडून "शाब्बास!" म्हणवलं. त्यामुळे माझ्याच गोष्टीचा खरा शेवट मला ठाऊक नाही. स्वतःबद्दल इतकं अडाणी असणं माणसांत चालत असेल. पुस्तकाला शोभत नाही.

मला घेतलं एका शाळकरी मुलीने. घरी येऊन तिने आजोबांना माझं नाव वाचून दाखवलं, तसे ते खुर्चीत ताठ बसले. आजोबांची नजर गेली होती. तरुणपणी त्यांनी वाचनालयातून मूळ कादंबरी आणली होती, पण तिची शेवटची पानं कुणी महाभागाने फाडून नेलेली. दुसरी प्रत शोधेपर्यंत नोकरी आली, संसार आला, आणि मग डोळे गेले.

"वाच," ते म्हणाले. "त्या दिवेवाल्याचं पुढे काय झालं, एवढं एकदा कळू दे मला."

ती वाचू लागली. दर पाना-दोन पानांनी आजोबा विचारत, "आला का तो?"

"अजून नाही. पोपट आलाय."

"पोपट कुठला?"

"यानातला. तो म्हणतो, चला चला, उडू या!"

"आगाऊ दिसतोय. पुढे वाच."

मला जीभ असती तर तिथेच ओरडलो असतो, अगं थांब, तो येणारच नाही! शेवटच्या पानावर पोपट "शाब्बास" म्हणाला आणि गोष्ट संपली.

"मग? नेलं का त्याला?"

'हो' म्हणून तिला मोकळं होता आलं असतं. आजोबांना काय कळणार होतं? तिने माझी पानं मागेपुढे चाळली आणि म्हणाली, "आजोबा, यात तो माणूसच नाहीये."

"नाही कसा? दिवा कोण लावतं?"

"आपोआप लागतो."

आजोबा म्हणाले, "आपोआप!" त्या एका शब्दात त्यांनी मालकाला, काकांना आणि मला जे सुनावलं, ते शिवीत मावलं नसतं.

आणि म्हणे पोरांना दुःख झेपत नाही! दुसऱ्याच दिवशी ती मला घेऊन दुकानदारासमोर उभी राहिली. "ही गोष्ट कापलेली आहे. पूर्ण द्या."

"ती फार जाड आहे, बाळ. तुला झेपायची नाही."

"आजोबांना झेपते. मी फक्त वाचणार आहे."

पुस्तक मागवावं लागलं, पण आलं. "थेट शेवट वाचू?" तिने विचारलं. आजोबा म्हणाले, "नको. आधी तुझी त्याची ओळख होऊ दे."

तेव्हापासून रोज संध्याकाळी वाचन चालतं. ती अडखळते, आजोबा अर्थ सांगतात, आणि मी शेजारच्या स्टुलावर पडल्या पडल्या ऐकतो. तिथे मला पहिल्यांदा दिवेवाला भेटला. तो काच पुसतो, स्वतःशीच भांडतो, यान दिसल्याचा भास झाला की घाईघाईने दाढी करून बसतो. याला मालक रडका म्हणाले!

आज शेवटचं प्रकरण आहे. नेमकं आजच मुलीच्या आईने खोली आवरायला काढली आणि मला रद्दीच्या ढिगावर ठेवलं. तक्रार नाही, माझी लायकी मला कळते. फक्त रद्दीवाला संध्याकाळच्या आत आला तर त्याला उद्या यायला सांगा. त्या माणसाला न्यायला कुणी आलं की नाही, ते मलाही कळू द्या.